कापसात ठेवलेला लॅपटॉप

आमच्या घरी बैठकीच्या खोलीत कापूस बसतो आणि माणसं ओसरीत बसतात. वेचणी सुरू झाली की आधी एक कोपरा जातो, मग दिवाण, मग टीव्ही, आणि संक्रांत येईपर्यंत खिडकीचे वरचे दोन गज तेवढे दिसत राहतात. पाहुणे आले की त्यांना दारातूनच तो पांढरा ढीग दाखवायचा आणि ओसरीत चहा द्यायचा. आमच्या देऊळघाट गावात अशी घरं कमी नाहीत. फरक एवढाच, की बाकीचे लोक कधी ना कधी कापूस विकतात. माझे बाबा भाव वाढायची वाट पाहतात.

रोज सकाळी सात वाजता चष्मा लावून, मोबाइल हातभर लांब धरून ते मोठ्याने चिखलीचा भाव वाचतात, मग मलकापूरचा, मग खामगावचा. मग धामणगाव बढ्याला माझ्या मामाला फोन लावून तिकडे काय ऐकू येतं ते विचारतात. आणि मग फोन ठेवून सबंध घराला ऐकू जाईल असं जाहीर करतात, "थांबू." भाव चढला असेल तर आणखी चढेल म्हणून थांबू. उतरला असेल तर परत चढेपर्यंत थांबू. आहे तिथेच असेल तर, "पाहू, का करते तर," म्हणून थांबू. मामा स्वतः दिवाळीतच सगळा कापूस विकून मोकळा होतो आणि उरलेलं वर्ष बाबांना "विकू नका" असं सांगण्यात घालवतो. आई म्हणते, पूर्वी बाबा असे नव्हते, चारचौघांसारखे विकून टाकायचे. हा रोग मोबाइल आल्यापासून लागला. मोबाइल मी घेऊन दिला होता, तेव्हा दोष माझा.

मी पुण्यात सहा वर्षं काढली. मोबाइलच्या पडद्यावर उमटणाऱ्या मराठी सूचना लिहिण्याचं माझं काम आहे. "कृपया प्रतीक्षा करा" हे वाचून तुम्ही कधी चिडला असाल, तर ते बहुधा मीच लिहिलेलं आहे. माफ करा, घरचं वळण. दोन वर्षांपूर्वी आई अंगणात पाय घसरून पडली म्हणून मी महिनाभरासाठी आले आणि राहूनच गेले. आईचा पाय कधीच बरा झाला, आता ती माझ्यापेक्षा झपाट्याने चालते, पण परत जायचं कुणी बोलेना आणि मीही बोलेना. आमच्या मॅडमनी घरून काम करायला होकार दिला, फक्त एका अटीवर: काम अडता कामा नये. अडलं, की मुकाट्याने पुण्याचं ऑफिस. माझं लग्न कुठे अडलंय हा गावाचा विषय आहे, तो गावावरच सोडते.

मला परत जायचं नव्हतं, हे सरळ सांगून टाकते. पुण्यात मला एक खोली होती, तिला एक खिडकी होती आणि खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसायची. इथे मी ओसरीत लॅपटॉप उघडून बसते, आई समोर तूर पाखडते, बाबा भाव वाचतात आणि मी दोघांवर ओरडते की माझी मीटिंग सुरू आहे. याहून चांगलं ऑफिस मला मिळणार नाही.

तर होळीच्या आदल्या आठवड्यात मामाचा सकाळीच फोन आला. मलकापुरात म्हणे कुणीतरी भाव वाढणार असल्याचं ऐकलं होतं. कुणी ऐकलं, कुणाकडून ऐकलं, असल्या चौकशा या बाबतीत करायच्या नसतात. बाबा उठून उभे राहिले. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चहाचा कप. "मी म्हनत नोयतो का!" असं म्हणताना त्यांनी जो हात उडवला, त्या हातात मोबाइल नव्हता.

भरलेला कप माझ्या लॅपटॉपवर गेला. आमच्या घरचा चहा म्हणजे अर्धी साखरच. पडदा एकदा निळा झाला, एकदा काळा झाला आणि मग गपगार. मी लॅपटॉप उलटा धरला, त्यातून चहा गळायला लागला, आई खाली वाटी धरायला धावली. का धरली, हे तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "सांडून राह्यला होता ना." बाबा मोबाइल तसाच कानाला लावून उभे होते. पलीकडून मामा विचारत होता, "भाऊजी, आयकून राह्यले का?"

"पुसून घे," बाबा शेवटी म्हणाले. "काई होत नाई."

झालं होतं. बुलढाण्यात एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे गेले. त्याने लॅपटॉप कानाशी धरून नारळासारखा हलवून पाहिला. "वाचला तर वाचला," तो म्हणाला. "आठ दिवस चालू करायचा नाई. पुरा सुकू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवा, तांदूळ ओल ओढते. मंग आना, उघडून पाहू."

"आणि नवा घ्यायचा म्हटलं तर?"

"आता नका घेऊ मॅडम. महिनाभर थांबा. नवे मॉडेल येऊन राह्यले, मंग हे स्वस्त होतेत."

मला क्षणभर वाटलं, हा बाबांच्या नात्यातला तर नाही?

घरी येऊन मी सांगितलं की मी माझ्या पैशांनी उद्याच नवा घेते. बाबांना हे चाललं नाही. "सांडला कोनं?" त्यांनी विचारलं. "मी. मंग घेऊन कोन देईन? मीच."

"कधी?"

"कापूस विकला का लगेच."

आईला इतकं हसू आलं की ती स्वयंपाकघरात जाऊन हसली. मी जरा जोर धरला तर बाबा ताटावरून उठले आणि भाकरी अर्धी टाकून ओसरीत जाऊन बसले. आमच्या घरात बाबांनी भाकरी टाकली की वाद संपतो. ते एरवी ताट धुऊन पितात.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. थांबलं की लॅपटॉप स्वस्त होतो. थांबलं की कापूस महाग होतो. म्हणजे दोन्हीकडून थांबण्यातच फायदा. असा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता आणि त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "पाय, कसं बरोबर बसते," ते म्हणाले. आणि खरंच बसत होतं. त्यात खोट कुठे आहे हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून मला जास्तच राग आला.

खोट अशी होती की मॅडमनी मला आठ दिवस दिले होते. कंपनीकडे एक लॅपटॉप मोकळा होता, पण तो पुण्यात येऊन घ्यायचा आणि पुण्यातच बसून वापरायचा. हे मी घरात बोलले नाही. सांगितलं तर बाबा घाबरतील, आणि बाबा घाबरले की मामाला फोन करतात.

आता लॅपटॉप सुकवायचा प्रश्न. आईने तांदळाच्या डब्याला हात लावू दिला नाही. "खायाच्या तांदळात? त्याले सारी साखर लागेल हाये. मुंग्या होतीन." तुरीचं विचारलं तर म्हणाली, तुरीला कीड लागेल. लॅपटॉपमुळे तुरीला कीड कशी लागेल, हे तिने सांगितलं नाही. ज्वारी तर देवाच्या फोटोखाली होती, तिचा विचारच नको. मी लॅपटॉप घेऊन घरभर हिंडत होते आणि त्याला कुठेच जागा नव्हती.

तेव्हा बाबांना सुचलं. "कापसात ठेव," ते म्हणाले. "कापसाइतकी ओल कोन ओढते? येपारी मले दरसाली का म्हनते? कापसानं ओल ओढली म्हनते आन भाव पाडते. ओढते ना? मंग ओढू दे आता."

मला हसू आलं, पण पटलंही. दुरुस्तीवाला तांदूळ म्हणाला कारण त्याच्या घरी तांदूळ असणार. आमच्या घरी कापूस होता, आणि ढीगभर होता. आईने तिचं एक जुनं सुती पातळ दिलं, हिरवं, मोठमोठ्या फुलांचं. त्यात लॅपटॉप बाळंतिणीच्या पोरासारखा गुंडाळला आणि बाबांनी ढिगात खांद्यापर्यंत हात घालून तो आत ठेवला. जागा ध्यानात राहावी म्हणून वर एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, खोचली. कापूस ही काही जागच्या जागी राहणारी वस्तू नाही, तो रोज थोडा दबतो. दुसऱ्या दिवशी तुराटी आडवी झाली होती आणि तिसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली. "मले मालूम हाये कुठी हाये तो," बाबा म्हणाले.

रोज सकाळी भाव वाचून झाले की ते आत जाऊन ढिगाला हात लावून येत आणि सांगत, "सुकून राह्यला." उन्हं तापेपर्यंत ठेवलेल्या कापसात बारीक किडे होतात. जो आत जाईल तो पुढचे दोन तास अंग खाजवत बसतो. बाबा ओसरीत बसून खाजवत, आई त्यांना कडुलिंबाचा पाला देई, आणि मी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर काम रेटत एकेका वाक्याला दहा दहा मिनिटं घालवी. मॅडमना मी "होतंय, होतंय" असं सांगत होते. मला वाटतं त्यांना ते ऐकूनच कळत होतं.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. कानाला लावून लिहिता येत नाही म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो. "हे बघ," मॅडम म्हणाल्या, "सोमवारी एक तर तुझं मशीन चालू पाहिजे, नाहीतर तू इथे पाहिजेस. मी आता वरच्यांना काय सांगू? आणि एकदा आलीस की मग परत घरून वगैरे नाही जमणार." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा समोरच बसले होते. मूठभर कापूस घेऊन त्यातला पाचोळा काढणं हा त्यांचा रिकामपणाचा उद्योग आहे. त्यांचा हात थांबला नाही. पण ज्या कापसातला पाचोळा कधीच निघाला होता, त्यातच ते बोटं फिरवत राहिले.

"कधीपासून मालूम हाये तुले?"

"पहिल्या दिवसापासून."

"मले नाई सांगितलं."

"तुम्ही मामाला फोन केला असता."

एरवी ते हसले असते. ते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले, आणि मला फार वाईट वाटलं, कारण मी चेष्टा केली होती आणि ती नुसती चेष्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच माझ्या स्कूटीवरून बुलढाण्याला गेले. नवा घेतला तर बाबा परत भाकरी टाकतील, म्हणून तिथे महिनाभरासाठी भाड्याने लॅपटॉप मिळतो का पाहायचं होतं. कुणाकडे कसला निघेल सांगता येत नाही म्हणून माझा चार्जरही पिशवीत टाकला. चार दुकानं फिरले. एकाने सांगितलं भाड्याने सायकल मिळेल. बारा वाजता परत आले आणि दारातच थबकले, कारण मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या घरी आले.

बैठकीच्या खोलीला फरशी होती. टीव्ही होता. दिवाण होता आणि दिवाणावर दिवाळीतलं वर्तमानपत्र उघडं पडलं होतं. मधोमध आई खराटा घेऊन उभी होती आणि नव्या नवरीसारखी खूश दिसत होती.

"कापूस कुठंय?"

"गेले ना तुहे बाबा चिखलीले घेऊन! सकाळीच गाडी बोलावली, चार मानसं लावले आन तासाभरात भरला. भाव नाई पाह्यला, मामाले फोन नाई केला, काई नाई. मी म्हनलं, काऊन हो, तब्येत बरी हाये ना? त म्हने, बाईले लॅपटॉप घ्याचा हाये आजच्या आज."

हा माणूस माझ्यासाठी न थांबता गेला होता. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

"आई, माझा लॅपटॉप?"

"तुह्या बाबानं काढला असन."

"कुठे ठेवलाय?"

आईने खोलीभर पाहिलं. टीव्ही आणि दिवाण सोडून खोलीत काहीच नव्हतं. "मले वाटलं त्याईनं काढला," ती म्हणाली. "त्याईले वाटलं असन मी काढला." आणि तिने खराटा भिंतीला टेकवायला म्हणून सोडला तो सरळ जमिनीवर पडला.

मी बाबांना फोन लावला. तो टीव्हीवर वाजला. जन्मात पहिल्यांदा ते मोबाइल विसरून घराबाहेर पडले होते.

आई माझ्या स्कूटीवर त्याआधी कधी बसली नव्हती. ती बसली, बाबांचा मोबाइल पदरात बांधला, आणि चिखलीपर्यंत मला गाडी कशी चालवायची ते सांगत राहिली. वाटेत कापसाची गाडी दिसली की ओरडायची, "थांबव, हेच हाये!" आम्ही तीन गाड्या अडवल्या. तिसरीवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या मालकाचा कापूस का हरपला का?" आई म्हणाली, "कापूस नाई, लॅपटॉप." तो माणूस बराच वेळ आमच्याकडे पाहत उभा राहिलेला मला आरशात दिसत होता.

चिखलीजवळच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, पोचलो तेव्हा फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि आत एका गाडीभोवती घोळका जमला होता. गाडी अर्धी रिकामी झालेली. मधोमध बाबा, आणि त्यांच्यासमोर माल पाहणारा ग्रेडर. आम्ही उतरलो तेवढ्यात कानावर आलं, "काका, वयाकडे पाहून बोलून नाई राह्यलो मी. वजन घातलं का नाई तुम्ही?"

कापसात वजन घालणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कुणी मधल्या थरात पाणी मारतं, कुणी दगड पुरतं. सापडलं की पंचक्रोशीत नाव जातं. बाबांनी आयुष्यभर पाचोळ्याचा तुकडासुद्धा विकलेला नाही. आणि आज त्यांच्या गाडीतला कापूस खाली ओढताना एका मजुराच्या हाताला काहीतरी चपटं आणि टणक लागलं होतं. ते अजून ढिगातच होतं, वर हिरव्या कापडाचं एक टोक तेवढं दिसत होतं. त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

"बॉम्ब हाये का बे?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा घोळका तीन पावलं मागे सरला. बाबा एकटेच पुढे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते पार विसरले होते. त्यांना खरंच कळत नव्हतं की आपल्या कापसात हे आलं कुठून.

"हे माह्यं पातळ हाये!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली की फाटकावरचा माणूस आत पळत आला. घोळका बाजूला सारून ती पुढे गेली, वाकली, आणि कापसातून ते गाठोडं ओढून काढलं. "पाहा, हे फुलं. माह्या भावानं घेतेल हाये. कोन म्हनते वजन? माह्या पोरीचा लॅपटॉप सुकाले ठेवेल होता याच्यात!"

ग्रेडरने आईकडे पाहिलं, पातळाकडे पाहिलं, आतून निघालेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. "कापसात?" त्याने विचारलं.

"ओल ओढते ना," बाबा हळूच म्हणाले.

ग्रेडरच्या हातात कापसाची ओल मोजायचं यंत्र होतं. बहुधा दुसरं काही न सुचल्यामुळे त्याने ते लॅपटॉपच्या बटणांवर दाबलं आणि आकडा पाहिला. "कोरडा हाये," तो म्हणाला. "तुमच्या कापसाहून कोरडा हाये, काका."

मग सगळ्यांना तो चालू करून पाहायचाच होता. चार्जर माझ्या पिशवीत होता. वजनकाट्याच्या खोलीत टेबलावरचे कागद बाजूला सारले, वायर लावली, आणि दारात, खिडकीत, जिथे मिळेल तिथे माणसं उभी राहिली. मागच्या गाड्यांवाले रांग सोडून आले. मी बटण दाबलं. आतून घरघर आली, बाजूच्या फटीतून कापसाचा एक पुंजका बाहेर उडाला, ग्रेडरच्या मिशीवर बसला, आणि पडदा उजळला.

"चालू झाला बे!" खिडकीतून आवाज आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मला धरून हसायला लागले. मीही हसले. मघाशी ज्याने बॉम्ब म्हटलं होतं तोच आता शेजारच्याला सांगत होता की कापसात ठेवलं की काहीही दुरुस्त होतं.

तेवढ्यात आईच्या पदरात बाबांचा मोबाइल वाजला. मामा. सकाळपासून फोन नाही म्हणून तो काळजीत होता. आईने स्पीकर लावून फोन बाबांसमोर धरला.

"भाऊजी, कुठी हा? विकू नका हं! आता पक्कं आयकलं, पुढच्या हप्त्यात भाव चढून राह्यला. बिलकुल विकू नका!"

गाडीत अजून अर्धा कापूस होता. खाली उतरलेला परत भरायला अर्धा तास लागला असता. काट्यावर काहीच चढलं नव्हतं. बाबांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. त्यांच्या तोंडावर आलेला "थांबू" मला स्पष्ट दिसत होता.

"चालते ना आता हा?" त्यांनी मला विचारलं. "याच्यावर होते ना तुहं काम?"

मला हो म्हणायचं होतं. त्यांच्यासाठी मी पटकन हो म्हटलं असतं. मी काहीतरी लिहून पाहिलं. साखरेने बटणं चिकटली होती. एक दाबलं की तीन अक्षरं उमटत होती आणि दुसरं दाबलं की काहीच नाही. "आज चालतोय, बाबा," मी म्हटलं. "सोमवारी चालेल का, ते मला सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. मोबाइल हातात घेतला. मामा पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता. "ठेव फोन," बाबा त्याला म्हणाले आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून गाडीवरच्या माणसांना हाक मारली, "करा रे खाली!"

नवा लॅपटॉप आम्ही त्याच दुपारी चिखलीत घेतला. बाबांनी तो घेण्याआधी चारही बाजूंनी दाबून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "पुढच्या महिन्यात किती उतरन याचा भाव?" दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, उतरेल थोडा. बाबांनी डोळे मिटून घेतले, जसं इंजेक्शन घेताना मिटतात, आणि म्हणाले, "बांधा."

सोमवारी माझं काम वेळेवर सुरू झालं. गुरुवारी कापसाचा भाव चढला, आणि चांगलाच चढला. मला ते मामाकडून आधीच कळलं होतं, त्याने मुद्दाम मला फोन करून सांगितलं होतं. मी ओसरीत बसले होते. आई समोर तूर पाखडत होती. बाबांनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला, वाचलं, आणि मोबाइल पालथा ठेवला.

"काऊन हो," आई म्हणाली, "भाव नाई सांगितला आज?"

"वाढला."

"किती?"

"लय."

मला राहवलं नाही. "बाबा, मी तिथे हो म्हणायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "जुना चालतो म्हणाले असते तर तुम्ही थांबला असता."

त्यांनी चहाचा कप माझ्यापासून दूर, ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला आणि मग माझ्याजवळ येऊन बसले. "तू पुन्याले गेली तवापासून मी रोज सकाळी भाव पाहाले लागलो, तू आली तरी सवय सुटली नाई," ते म्हणाले. "लोक म्हनत, लय लालची झाला हा मानूस. लालच नोयती, पोरी. सकाळी उठून कायची तरी वाट पाहा लागते मानसाले. तुही पाहून राह्यलो म्हनलं असतं, त तुही माय रडली असती."

आईने सूप मांडीवर ठेवलं. "मंग का," ती म्हणाली, "पोरगी गेली तवा हासत होती का मी?"